बाई जेवली?

स्ट्रेचर जिन्यावरून उतरवताना सासऱ्यांनी खिशातून तबेल्याची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली, तेव्हा त्यांच्या डाव्या बाजूला मी होतो आणि उजव्या बाजूला मेहुणा. त्यांचा उजवा हात पडताना मुरगळला होता, डावा मोकळा होता. या गोष्टीवर मी पुढे कितीतरी दिवस विचार केला. न्हाणीघरात पाय घसरून माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, तोंड पांढरंफटक पडतं, आणि अशा वेळी तो पोटच्या मुलाला सोडून जावयाच्या हातात किल्ली देतो, म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असं माझं एक मन म्हणे. दुसरं मन म्हणे, बाबा रे, तू डावीकडे होतास. रुग्णवाहिकेचं दार लागल्यावर मेहुणा हात झटकत म्हणाला, "बरं झालं भाऊजी तुमच्याकडे दिली. मला घोड्याच्या केसांची ॲलर्जी आहे." आणि किल्लीकडे नुसतं बघून त्याला खरोखर शिंक आली. बायको माझ्याकडे बघत होती. लग्न झाल्यापासून तिनं माझ्या स्वाधीन केलेल्या तीन कुंड्या, एक मासा आणि तिच्या मावशीचं पासबुक यांचं काय झालं ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, पण वडील रुग्णवाहिकेत असल्यामुळे तिनं तो विषय पुढे ढकलला.

सासरे निवृत्त भूमापक. उमेदीची वर्षं डोंगराळ मुलखात घोड्यावर बसून दुसऱ्यांच्या जमिनी मोजण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, गुडघ्यांबद्दल बोलतात. सासऱ्यांनी घोडी घेतली. करड्या रंगाची, वयानं पोक्त, एका रायडिंग स्कूलनं कामातून मोकळी केलेली. तिला शाळेतलं काही भारदस्त नाव होतं, पण सासरे तिला बाई म्हणत, म्हणून सगळेच बाई म्हणत. शहराच्या कडेला, बंद पडलेल्या गोदामांच्या मागे त्यांनी एक तबेला भाड्यानं घेतला होता आणि सकाळ-संध्याकाळ ते तिथे असत. घरातल्या कुणाला तिथे बोलावणं नसे, मला तर नाहीच. माझ्याशी सासऱ्यांचं वागणं इतकं चांगलं होतं की सांगायची सोय नाही. मुलाला ते गाढव म्हणत, मुलीला बिनडोक म्हणत, दूधवाल्याचा उद्धार करत, आणि मी दारात दिसलो की "या, बसा, चहा घेणार ना?" मीटर बघायला आलेल्या माणसालासुद्धा ते असंच म्हणत. एकदा माझ्या वजनानं त्यांच्या आवडत्या खुर्चीचा पाय मोडला. मी जमिनीवर बसलेला, हातात पाय, खुर्चीचा, आणि सासरे म्हणाले, "मोडायलाच आला होता तो." त्या रात्री मला झोप आली नाही. मेहुण्यानं मोडली असती तर त्याला दोन दिवस पुरेल एवढं ऐकून घ्यावं लागलं असतं. कुणी आपल्यावर ओरडावं अशी इच्छा मोठ्या माणसाला होते का, हे मी कुणाला विचारू शकलो नाही.

माझा धंदा कवळ्यांचा. सायकलीच्या दुकानावर पोटमाळा आहे, तिथे खिडकीशी माझं टेबल. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, मी दात बसवून परत पाठवतो. माझ्याकडे तोंडं येतात, माणसं येत नाहीत, आणि हे मी ठरवून केलेलं आहे. शिकत होतो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी एका गृहस्थाच्या तोंडात बोट घालून दाढ चाचपायला सांगितलं. बोट आत गेलं. आत ऊन, ओलं, काळोखं होतं, आणि मग त्या गृहस्थाच्या जिभेनं येऊन माझं बोट चाचपलं. कोण आहे हे बघावं तशी. मी बोट काढून घेतलं, हात धुतले, आणि सरांना विचारलं की ज्यात जीभ नसते असं या शास्त्रात काही काम आहे का. सरांनी मला तळमजल्यावर प्लॅस्टरच्या खोलीत पाठवलं आणि मी परत वर गेलो नाही. प्लॅस्टरचा जबडा तुमच्याकडे बघत नाही, गिळत नाही, "दुखतंय" म्हणत नाही. मेणाच्या पट्टीवर पेशंटनं घेतलेला चावा उजेडात धरला की कुठली दाढ लागते, कुठली लागत नाही, माणूस कुठल्या बाजूनं चावतो, सगळं मला कळतं. तो माणूस उद्या रस्त्यात धडकला तर मात्र मी त्याला ओळखणार नाही.

अशा माणसाच्या हातात किल्ली. पहिल्या दिवशी दार उघडलं तेव्हा आतून उबदार वास आला, गवताचा, लिदीचा आणि आणखी कशाचा तरी, लहानपणी वडिलांच्या ओल्या कोटाला यायचा तसा काहीसा. बाई कोपऱ्यात उभी होती. तिनं मान वळवली आणि एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं. घोड्याचे डोळे दोन बाजूंना असतात हे मला माहीत होतं, पण एका वेळी एकाच डोळ्याकडून पाहिलं जाणं हे काही निराळंच असतं. तो डोळा मला बघत असताना पलीकडचा काय बघत असेल, आणि त्याचं माझ्याबद्दल काही वेगळं मत असेल का, या विचारानं मी बराच वेळ उंबऱ्यात उभा राहिलो. "मी जावई," मी शेवटी म्हणालो. बाईनं शेपटी हलवली, ती माशीसाठी असावी.

बाकीचं सासऱ्यांनी हॉस्पिटलमधून शिकवलं. भेटायची वेळ झाली की मी खाटेजवळच्या स्टुलावर बसे, आणि छताकडे बघत ते अतिशय सौजन्यानं सांगत: गवत एकदम टाकायचं नाही, थोडं थोडं, पुष्कळदा. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलं ते गेलं, म्हणून बुरशी धरलेली काडीसुद्धा नको. पाणी सदा भरलेलं, बादली रोज घासून. खरारा मानेपासून मागे, पोटाखाली हलक्या हातानं, तिथे तिला गुदगुल्या होतात. मागून जायचं नाही, जायचंच असेल तर अंगावर हात ठेवून, बोलत बोलत. खूर रोज उचलून आकडीनं आतले खडे, माती काढायची. सहा-सात आठवड्यांनी नालबंद. रोज चालवायचं, पाऊस असो नसो. "काय बोलू तिच्याशी?" मी विचारलं. सासरे विचारात पडले. "मी तिला पेपरातलं सांगतो," ते म्हणाले. मग सवयीनं, "तुम्हाला फार त्रास."

खुराचं प्रकरण मी विसरणार नाही. मी वाकून तिचा पुढचा पाय धरला आणि सासऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे "पाय" म्हणालो. बाईनं पाय दिला. दिला म्हणजे सोपवला. पायाबरोबर खांदा, मान आणि तिच्या मनात जे काही दिवसभराचं साचलं होतं ते सगळं. मी तिच्याखाली घामाघूम होऊन एका हातानं खडे उकरत होतो आणि ती माझ्या टाळूवर श्वास सोडत होती. घरी आलो तर बायको म्हणाली, "तुला केसात काय लागलंय?" मी म्हणालो, "तिचा श्वास." ती म्हणाली, "आधी अंघोळ कर, मग सांग." पण हळूहळू मला ते काम कळू लागलं. पोटमाळ्यावर कानस चालवताना माझे हात अचानक थांबत आणि वाटे, आता तिची बादली अर्धी झाली असेल. आजवर कुठल्याच गोष्टीबद्दल मला असं वाटलं नव्हतं, मासा असताना माशाबद्दलही नाही. रोज संध्याकाळी मी बाईला पेपरातलं सांगे. परराष्ट्र धोरणात तिला रस दिसला नाही, हवामानाचं मात्र कान टवकारून ऐके.

आणि रोज सासऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बाई जेवली?" मी म्हणे, "जेवली. गव्हाण रिकामी." शेजारच्या खाटेवर पित्ताशयाचा एक पेशंट होता. तो आधी कान देऊन ऐके, मग अस्वस्थ होऊ लागला. "चालवली का?" "चालवली, तासभर." "लाथ नाही ना मारली?" "आज नाही." शेवटी एकदा सासऱ्यांना झोप लागलेली पाहून तो मला कुजबुजत म्हणाला, "अहो, म्हातारीला घरी आणा. असं कुलपात ठेवणं बरं नाही." मी त्याला घोडीबद्दल सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. आम्ही निघताना त्यानं माझ्याबरोबर आलेल्या बायकोला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं आणि बायको गाडीत रस्ताभर मला निरखत होती.

गव्हाण रिकामी होती हे खोटं नव्हतं. मी टाकलेलं गवत सकाळी नसे. मात्र जमिनीवर गवताचे ओले गोळे पडलेले असत, मुठीत मावतील एवढे, छान वळलेले. मला वाटलं, असेल तिची पद्धत. काही माणसं सुपारी चघळून टाकतात. उलट त्या गोळ्यांमुळे झाडायला सोपं जाई. मी ते नेटकेपणानं गोळा करून लिदीच्या ढिगावर नेऊन टाकत असे आणि मागे वळून स्वच्छ जमिनीकडे समाधानानं बघत असे. मग एके दिवशी खरारा करताना ब्रश खडबडला. बरगडी. त्याच्यापुढे आणखी एक बरगडी. मी हात मागेपुढे फिरवला, आणखी सापडल्या. गवत वाढवलं, कोंडा भिजवून दिला, जंताचं औषध दिलं, पाणी बदललं. गव्हाण रिकामी, बरगड्या तशाच वर. हॉस्पिटलमध्ये "बाई जेवली?" असं विचारल्यावर मी म्हणालो, "जेवली," आणि माझा आवाज मला परका वाटला.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी किल्लीचा विषय काढला. काठीला टेकून खोलीत दोन फेऱ्या मारून ते खाटेवर बसले होते. "रविवारी मला सोडतायत," ते म्हणाले. "घरी जायच्या आधी तबेल्यावरून जाऊ. मला बाईला बघायचंय. रायडिंग स्कूलच्या बाईंनाही बोलावलंय तिथे. बाईची तब्येत उतरली असेल तर त्या घेऊन जातील, परत ठेवून घ्यायला तयार आहेत. माझ्यानं आता सकाळ-संध्याकाळ होणार नाही, आणि तुम्हाला तरी किती दिवस अडकवायचं. त्या दिवशी किल्ली मी खरं तर याला देत होतो," त्यांनी मेहुण्याच्या दिशेनं हात केला, तो खिडकीत फोनवर बोलत होता, "पण दुखण्यात कोण कुठे उभं आहे ते समजलं नाही. माफ करा हं." मी म्हणालो, "छे छे, त्यात काय." जिन्यावरून उतरताना मला स्वतःचीच गंमत वाटली आणि रडूही आलं. तर डावीकडे होतो, एवढंच. प्रश्न सुटला होता. आता घोडी जाईल, मी मोकळा होईन, संध्याकाळी पेपर मनातल्या मनात वाचीन. मला ती जायला नको होती. इतक्या साध्या शब्दांत मला आजवर काही नको-हवं झालेलं नव्हतं, त्यामुळे हे वाटतंय ते नक्की काय आहे हे कळायला मला रस्त्यावरचे दोन सिग्नल लागले.

दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर रुमालासाठी खिशात हात घातला तर ओला गोळा हाताला लागला. झाडताना मीच टाकला असणार. हल्ली माझ्या खिशात गाजराचे तुकडे, दोरी, काय वाटेल ते असे. मी तो टेबलावर ठेवला. मेणाच्या चाव्यांच्या ओळीत तो पडला, शेजारी एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा खालचा जबडा. सवयीनं मी दिवा ओढला. सवयीनं गोळा उचलून उजेडात धरला. आणि दहा मिनिटं तसाच बसलो असेन. काड्या तुटलेल्या नव्हत्या. दुमडल्या होत्या, चुरगळल्या होत्या, एकीकडून थोड्या दबल्या होत्या, पण दळलेली एकही नव्हती. असा चावा मी आयुष्यभर बघत आलो आहे. दाढ टोचते म्हणून माणूस घास गालात फिरवत राहतो आणि कुणाचं लक्ष नसताना ताटाच्या कडेला काढून ठेवतो. बाई जेवतच नव्हती. ती रोज मला चावा पाठवत होती, जमिनीवर नीट मांडून, आणि मी रोज तो केरात काढत होतो. सकाळपासून रात्रीपर्यंत दात, दात आणि दात बघणाऱ्या माणसानं त्या घोडीचे खूर बघितले, शेपूट बघितली, लीद उकरून बघितली. तोंड तेवढं बघितलं नव्हतं, कारण त्या तोंडाला अख्खी घोडी चिकटलेली होती.

मुख्याध्यापिकाबाईंना तसंच सोडून मी तबेल्यावर गेलो. बाईनं एका डोळ्यानं पाहिलं. मी तिच्या गालावर, डोळ्याच्या खाली, वरच्या दाढा जिथे असतील तिथे बाहेरूनच बोटं ठेवली. हलकेच दाबलं. तिनं मान हिसडली आणि कानामागे घाम आला, तिला की मला ते आठवत नाही. "दुखतंय," मी म्हणालो. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

जनावरांचे डॉक्टर आले ते लोखंडी डबा घेऊन. इंजेक्शन दिल्यावर बाईची मान खाली आली, ओठ लोंबला, ती एकदम आत्याबाईसारखी दिसू लागली, माझ्या. "घोड्याचे दात जन्मभर वाढत राहतात," डॉक्टर म्हणाले, "कडा धारदार होतात, गाल कापतात. वर्षाकाठी एकदा घासून घ्यावे लागतात. जीभ धरा." मी त्यांच्याकडे पाहिलं. "जीभ. बाजूनं बाहेर ओढून धरा, मला आतलं दिसू दे." तोंड उघडं ठेवायचा लोखंडी सांगाडा त्यांनी बसवला होता, चावायची भीती नव्हती, भीती ती नव्हतीच. मी हात आत घातला. ऊन, ओलं, काळोखं. जीभ माझ्या मुठीत आली, जड, खरखरीत, जिवंत, आणि गुंगीतसुद्धा तिनं एकदा वळून माझी मूठ चाचपली. मी सोडली नाही. डॉक्टरांनी हातभर लांब कानस घातली आणि आवाज सुरू झाला. तो आवाज मात्र माझ्या ओळखीचा होता. "थोडं मागे, डावीकडे अजून राहिलंय," मी म्हणालो. डॉक्टर थांबले. "तुम्ही काय काम करता?" "प्लॅस्टरचं," मी म्हणालो, आणि हेही खोटं नव्हतं. मग उरलेला सगळा वेळ ते त्यांच्या दिवाणखान्याच्या छताला धरलेल्या ओलीबद्दल बोलत राहिले आणि मी बाईची जीभ धरून त्यांना आधी गच्ची बघून घ्या असा सल्ला दिला.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा घोडे न्यायची गाडी गोदामांपाशी उभीच होती. रायडिंग स्कूलच्या बाई मनानं चांगल्या होत्या, हे मला फार लागलं. वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. सासरे काठी टेकत आत आले. मेहुणा बाहेर शिंकत राहिला, बायको माझ्या मागे उभी राहिली. दोन दिवसांत बरगड्या भरून येत नाहीत. सासऱ्यांनी बाईच्या अंगावरून हात फिरवला, एक एक बरगडी, जमीन मोजावी तशी. बाई गवत खात होती, सावकाश, दळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"दात होते," मी म्हणालो. "कडा वाढल्या होत्या. परवा घासून घेतले. तोवर ती जेवत नव्हती, मला कळलं नाही. मी तुम्हाला जेवली म्हणून सांगत होतो."

सासरे वळले. त्यांचं तोंड लाल झालं होतं. "दात?" ते म्हणाले. "अरे, मी तुला एवढं सगळं सांगितलं, खूर सांगितले, पोट सांगितलं, गुदगुल्या सांगितल्या. दात सांगितले नाहीत, का? तर म्हटलं हा दातांचा माणूस. याला काय दात शिकवायचे? एवढी एक गोष्ट तुझ्यावर सोडली, एक, आणि नेमकी तीच! डोकं कुठे ठेवतोस? त्या प्लॅस्टरात? उपाशी मारलं असतंस तिला. आणि वर रोज येऊन गव्हाण रिकामी, गव्हाण रिकामी. जमिनीवर गोळे दिसले नाहीत? आंधळा आहेस?" त्यांना दम लागला. काठी हातात वर गेली होती ती त्यांनी खाली टेकवली. मी मान खाली घालून उभा होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मला ओठ चावावा लागला.

रायडिंग स्कूलच्या बाई हळूच म्हणाल्या, "मग? नेऊ ना मी?"

सासरे माझ्याकडे बघत राहिले. "तुला जमणार आहे का हे? माझी वर्षं आता किती. ही अजून दहा वर्षं काढेल. रोज, दोन वेळा. ताप असला तरी. लग्नकार्य असलं तरी. जमेल?"

मागून बायकोचा श्वास ऐकू आला. कुंड्या, मासा, पासबुक. आजवर असा प्रश्न कुणी विचारला की मी "बघू" म्हणत आलो आहे, आणि तो शब्द आताही जिभेवर येऊन बसला होता. "नाही जमत मला," मी म्हणालो. "बघितलंत ना तुम्ही. पण तिला नेऊ नका."

सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढून नाक पुसलं, घडी घातली, परत ठेवला. "बाई," ते रायडिंग स्कूलच्या बाईंना म्हणाले, "तुम्हाला उगाच फेरी पडली. चहा घ्या घरी येऊन." मग माझ्यावर, आधीपेक्षा मोठ्यानं: "आणि तू उभा काय राहिलायस? ती बादली बघ."

मी बादली बघितली. ती रिकामी होती.